सगळ्यांत मागून चालणाऱ्या बाई

कुसुमबाई कांबळे आमच्या दारात आल्या, तेव्हा त्यांना नवव्या गल्लीत जायचे होते. आमचे घर राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत आहे. मी पंधरा वर्षांची होते आणि घरात एकटी होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानात गेले होते. अव्वा, माझी आई, दळण आणायला गेली होती. दार नुसते लोटलेले होते. बाईंनी ते बोटाने ढकलले.

"पोरी, ही नववी गल्ली न्हवं?"

"सातवी."

"मग नववी कुठं गेली?"

"एक सोडून."

"कुठल्या अंगाला?"

मी हात केला. त्यांनी त्या दिशेला नीट पाहिले, मान हलवली आणि उलट दिशेला चालू लागल्या. मी "अहो" म्हणाले. त्या थांबल्या.

"चल की दोन मिनिटं. दाखीव."

मला येता येत नाही, असे मी म्हणाले. यावर कोणीही 'का' म्हणून विचारले असते. बाईंनी विचारले नाही. "बरं," म्हणाल्या आणि आमच्या पायरीवर बसल्या. "मग कुणीतरी येईस्तवर टेकते. एकटी गेले तर परत चुकणार मी."

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी 'बाईंची कार्यपद्धती' या विषयावर लिहावे, असे संपादकांनी मला सुचवले आहे. मी बाईंच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक आणि पुढे त्यांची सहकारी. तेव्हा हे मला जमावे, अशी अपेक्षा गैर नाही. पण गेले दोन महिने मी कागद पुढे ओढते आणि मागे सारते आहे. बाईंची पद्धत होती की नाही, हेच मला नक्की सांगता येत नाही. जे घडले ते क्रमाने लिहिते.

त्या वर्षी मार्चमध्ये मी दहावीला बसले होते. वर्गात माझा नंबर पहिल्या तिघींत असे. पहिला पेपर मराठीचा होता. मी उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिला आणि तीन तास बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मला घराबाहेर पडता आले नाही. कोणी हात धरला, डोक्यावरून शाल घेतली, दाराशी रिक्षा उभी असली, तर डॉक्टरांकडे जाता येई. एकटीने मात्र नाही. उंबऱ्याशी आले की पाय थांबत. भीती वाटे असेही म्हणता येणार नाही. पाय थांबत, इतकेच.

सगळ्यांनी कारण शोधले. अव्वाने दृष्ट काढली. अप्पांना वाटले, अभ्यासाचा ताण. हुबळीच्या काकांनी कोणी मुलगा आहे का, असे हळूच विचारले. मीही शोधले. मला सापडले नाही. आजही सापडलेले नाही. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी अप्पांना सांगितले की, दिवाळीपर्यंत वाट पाहू, मुलगी एकटी दाराबाहेर पडू लागली तर ठीक, नाहीतर रुग्णालयात ठेवावे लागेल, आणि किती महिने ते आता सांगता येणार नाही. मी पडद्यापलीकडे बसून हे ऐकत होते. म्हणजे बाई पायरीवर येऊन बसल्या, तेव्हा माझ्या हातात साधारण दीड महिना होता.

अव्वा दळण घेऊन आली. तिने बाईंना बाहेरच्या खोलीत बसवले, आडनाव विचारले आणि चहा वेगळ्या फळीवरच्या पेल्यातून दिला. आमच्या घरी त्या वेळी ज्यांना आत बोलावत नसत, त्यांत बाई होत्या. हे मी लिहिणार आहे, असे अप्पांना आधी सांगितले. ते म्हणाले, "लिही. खरं हाय ते."

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या या बाई शाहूवाडीच्या डोंगरात मुलांना घेऊन जातात, हे त्या दिवशी कळले. शाळेत न रमणारी, घरातून पळणारी, कोणाशी न बोलणारी मुले. पुढे एका वर्तमानपत्राने याला 'रानातले उपचार' असे नाव दिले. ते बाईंना आवडले नाही. "औषध कुठं हाय त्यात?" असे त्या म्हणत. अप्पांनी दुकानातून आल्यावर त्यांना स्पष्टच विचारले.

"बाई, बरं करता का तुम्ही?"

"मी काय डॉक्टर हाय? फिरायला नेते. तीन आठवडे. खायला घालते, परत आणते."

"आन् फरक पडला न्हाय तर?"

"तर मग तुम्ही हायच की."

अप्पांनी मला का पाठवले, हे मला कळलेले नाही. त्यांनाही सांगता येत नाही. बाई पत्ता चुकून आल्या होत्या की अप्पांनीच त्यांना बोलावले होते, अशी शंका मला पुढे अनेक वर्षे होती. अप्पा दुकानाची शपथ घेऊन नाही म्हणतात. बाईंना मी तीनदा विचारले. एकदा त्या म्हणाल्या, "चुकलेच हुते." एकदा म्हणाल्या, "तुला काय वाटतंय?" तिसऱ्यांदा त्यांना तो दिवसच आठवेना. नवव्या गल्लीतल्या एका मुलाच्या आईवडिलांना भेटायला निघाले होते, असे त्यांनी त्या पहिल्या दिवशी सांगितले होते. शिबिरात नवव्या गल्लीतला कोणीच मुलगा नव्हता. तो आला नाही, असे बाई म्हणतात. तसेही असेल.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात मुले आणि बाई निघालो. मलकापूरपर्यंत एस.टी., तिथून चालत. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. रानात जळवा होत्या. डोंगरातल्या धनगरवाड्यावरचे बिरूमामा आमचे तांदूळ, नाचणीचे पीठ आणि भांडी घेऊन रोज पहाटे पुढे जात आणि पुढच्या मुक्कामी थांबत. आम्ही मागून जायचे. रोज एका मुलाने पुढे चालायचे. वाट त्याने ठरवायची. वाट चुकली तरी बाकीच्यांनी बोलायचे नाही, मागे चालायचे. बाई सगळ्यांत शेवटी.

हा नियम बाईंच्या कार्याचा कणा आहे, असे यावर लिहिणारे बहुतेक जण म्हणतात. मुलांवर टाकलेला विश्वास, नेतृत्वाची संधी वगैरे. पहिल्या दिवशी आम्हांला नियम सांगताना बाई एवढेच म्हणाल्या होत्या, "मला वाटा कळत न्हाईत. पैल्यापासनं. तुम्ही नेलं तर मी पोचणार."

मुले हसली. भूगोलाच्या बाईंना वाट कळत नाही, यावर कुरुंदवाडच्या संजूचा विश्वास बसेना. संजू घरातून तीनदा पळालेला होता आणि त्याचे तोंड बंद नसे.

"बाई, मग नकाशा कसा शिकवलासा?"

"नकाशा भिंतीवर असतोय. भिंतीत कोण चुकतंय?"

पहिल्या काही दिवसांत माझे बरे चालले. मला स्वतःलाच ते चमत्कारिक वाटत होते. मान खाली घालून, पुढच्याच्या टाचांकडे पाहत मी चालत असे. रानात उंबरा नव्हता, म्हणून असेल. पुढे चालण्याची माझी पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटले. बाईंनी दुसऱ्याला पुढे केले. त्यांनी समजूत घातली नाही, की निराशा दाखवली नाही. माझ्या ताटात त्या दिवशी खर्डा कमी वाढला, असे मला वाटले. पण तेही मीच मनाशी जोडले असेल.

तिसऱ्यांदा पाळी आली, तेव्हा आम्ही सड्यावर होतो. डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या मोकळ्या सपाट रानाला तिकडे सडा म्हणतात. सकाळी धुके होते. हात लांब केला की बोटे फिकट दिसत. बिरूमामा आधीच उतरले होते.

"मी नेतो की," संजू म्हणाला.

"तू काल नेलंस," बाई म्हणाल्या. "चिखलात बसले मी तुझ्यापायी."

"ते तुमच्या वजनानं."

"वजन कालच वाढलं व्हय रं?"

सगळे हसले. हसणे थांबले तरी बाई उठेनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. पायातला बूट काढून त्या खडा शोधत बसल्या. खडा सापडला, बूट घातला, पुन्हा काढला. का ते मला सांगता येत नाही, पण मी उठले आणि चालू लागले. मागून पावले येऊ लागली.

पुष्कळ वेळ चाललो. उतार येईल असे वाटत होते, तो येत नव्हता. मग धुक्यात काळे काहीतरी दिसले. तीन दगड आणि राख.

"आयला," संजू म्हणाला, "हे आपलंच चुलाण हाय की. बाई, हिनं आपल्याला म्हायेरी आणलं."

कोणी हसले नाही. मी वळून बाईंकडे पाहिले. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी पुढे कितीदा आठवला आहे. कधी तो शांत होता असे वाटते. कधी वाटते, त्यांचा खालचा ओठ हलत होता. साठी उलटलेली एक बाई, सात मुले, चहूकडे धुके, आणि सड्याला दोन बाजूंनी कडे. त्या मला वाट सांगतील म्हणून मी थांबले.

"माझ्याकडं काय बघतीस? मी तुझ्या पाठीकडं बघत आले."

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

"मला तरी कुठं हाय?"

असा बराच वेळ गेला. मग मला पायाला पाणी लागले. रात्रीच्या पावसाचे पाणी खडकाच्या खळग्यांतून सरकत होते, अगदी बारीक. ते कुठेतरी चालले होते. सगळ्यांनी मिळून त्याच्या मागे जावे, तर धुक्यात कोणी कड्याकडे भरकटायची भीती. कोणीतरी एकाने आधी बघून यायला हवे, हे मला कळले. ते मी मोठ्याने म्हटले असावे, कारण बाई म्हणाल्या, "मग जा. आम्ही हितंच हाय. हाक मार."

मी वीस पावले गेले आणि हाक मारली. मागून संजूने ओ दिली. आणखी वीस. वळून पाहिले तर कोणी दिसत नव्हते. पाय थांबले नाहीत. हे मला तेव्हा जाणवले नाही. माझे सगळे लक्ष त्या पाण्यावर होते. ते एका भेगेत शिरले, भेगेची घळ झाली आणि घळीच्या तोंडाशी गुरांचे शेण दिसले. गुरे चढतात तिथून माणूस उतरतो. मी तिथे उभी राहून हाका मारत राहिले आणि एकेक जण धुक्यातून आला. शेवटी बाई आल्या. घळीत डोकावून संजूला म्हणाल्या, "तू माझ्या पुढं ऱ्हा. पडले तर तुझ्यावर पडते."

खाली बिरूमामा भात उतरवून बसले होते. "लई हाका मारत हुता रं," ते म्हणाले. "मी ऐकत हुतो की." आमच्या हाका त्यांना ऐकू येत होत्या आणि त्यांनी उत्तर दिले नव्हते. पुढे मी त्यांनाही विचारले. एका वर्षी म्हणाले, बाईंनीच सांगितलंतं, हाक मारायची न्हाय. दुसऱ्या वर्षी म्हणाले, मला वाटलं पोरं खेळत्यात.

इथे लेख संपवता आला असता, तर बरे झाले असते. तीन आठवड्यांनी मी घरी आले. अव्वाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी आणायला निघाले आणि उंबऱ्याशी पाय थांबले. तिसऱ्या दिवशीही. असे नऊ दिवस. अप्पांनी माळ्यावरची बॅग काढून पुसली आणि कोपऱ्यात ठेवली. अव्वा त्या बॅगेकडे न बघता केर काढत असे. डॉक्टरांनी सोमवार सांगितला होता. सड्यावर जे झाले ते मी कोणाला सांगितले नव्हते. आता सांगण्यात अर्थ उरला नव्हता.

शनिवारी बाईंचे कार्ड आले. उद्या सकाळी दहाला तुमच्याकडे येत आहे, घर सापडणार नाही, गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहा, असे त्यात होते. मायन्याखाली एवढीच एक ओळ.

रविवारी दहा वाजता अव्वाने मला कार्डाची आठवण करून दिली नाही. अप्पा वर्तमानपत्रामागे होते. मला एकच दिसत होते: बाई चौदा गल्ल्यांमधून फिरताहेत, रिक्षावाले त्यांना हाकलताहेत आणि त्या प्रत्येकाला नववी की सातवी ते विचारताहेत. मी गल्लीच्या तोंडाशी कशी पोचले, ते मला आठवत नाही. चपला उलट्या पायांत होत्या, हे आठवते. अर्धा तास उभी राहिले. बाई आल्या नाहीत. मग मी मोठ्या रस्त्यावर गेले. बसथांब्यापर्यंत गेले. दोन बस आल्या, त्यांत बाई नव्हत्या. पलीकडच्या गल्ल्या बघितल्या. दवाखान्याच्या पायरीवर एक पांढऱ्या केसांची बाई बसलेली दिसली, धावत गेले, ती दुसरीच निघाली.

दीड तासाने घरी आले, तर बाई आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. अव्वा त्यांना उप्पीट वाढत होती.

"कुठं गेलतीस गं? मी कधीची बसले हाय."

"मी तुम्हांला शोधत होते," मी ओरडले. "गल्लीच्या तोंडाशी उभी राहा म्हणाला होता."

"म्हणले हुते. पण मागल्या बाजूनं सापडलं की घर. आपोआप."

मी रडले. रागाने रडले, हे नमूद करते. अप्पा आले, कोपऱ्यातली बॅग उचलली आणि माळ्यावर टाकली. बाईंनी उप्पिटात लिंबू पिळून मागितले. पुढच्या मार्चमध्ये मी दहावीच्या परीक्षेला एकटी चालत गेले.

पुढे एम.ए. झाले, महाविद्यालयात मराठी शिकवू लागले आणि सुट्ट्यांमध्ये बाईंबरोबर काम करू लागले. जवळून पाहिल्यावर तरी उलगडा होईल, अशी माझी समजूत होती. बाई खरोखर वाट चुकतात, याचे पुरावे मिळत गेले. कुरुंदवाडला एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला गेल्या आणि भलत्याच कार्यालयात शिरल्या. नवरी ओळखू येईना तेव्हा पोरगी मेकअपने बदलली असेल असे समजून आहेर केला, जेवल्या, पाया पडणाऱ्यांना आशीर्वाद दिले. परत आल्यावर म्हणाल्या, "बासुंदी चांगली हुती. कुणाची हुती कुणास ठाऊक." त्या वेळी तिथे शिकवण्यासारखे कोणीही नव्हते. म्हणजे हे खरे धरायला हवे.

नंतर एकदा त्यांचे कपाट आवरताना मला एक वही मिळाली. तिच्यात त्या सड्याचे नकाशे होते. हाताने काढलेले, शाईचे, अतिशय नेटके. प्रत्येक घळ, प्रत्येक खळगा, पावसाचे पाणी कुठून कुठे जाते त्याच्या बारीक निळ्या रेघा. आमच्या शिबिराच्या नोंदींच्या आधीच्या पानांवर. मी वही त्यांच्यापुढे धरली. मला वाटले, आता सुटका नाही.

बाईंनी चष्मा लावून नकाशा पाहिला. "बरा काढलाय," म्हणाल्या.

"बाई, तुम्हांला त्या दिवशी वाट माहीत होती."

"नकाशा काढता येतो गं मला. त्यावरनं चालता येत न्हाय. ही रेघ आन् पायाखालचं रान, हे दोन्ही एकच हाय असं मला कधी वाटलंच न्हाय."

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले. त्या वहीतच पाहत होत्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या संध्याकाळी घरी जाताना ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला.

संजू आता कुरुंदवाडला गॅरेज चालवतो. या लेखासाठी मी त्याला गाठले. तो गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "काय शोधतीस अजून? बाई येड्या, आपण बी येडी. जमलं." मग थोड्या वेळाने, "एक सांगू का? बाईंना मी तवा बी सोडून पळालो असतो. पण म्हातारी घरला कशी पोचणार, ह्या इचारानं ऱ्हायलो." बाईंच्या कार्याविषयी याहून अधिक अचूक विधान माझ्याजवळ नाही. पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही.

बाईंचे गुडघे थकल्यावर त्यांनी शिबिर माझ्यावर सोपवले. मीही नियम पाळला. मुलांना पुढे केले, स्वतः मागे राहिले आणि मला वाट माहीत नाही असे सांगितले. मला वाट माहीत होती. पहिल्याच तासाला एका मुलीने मला पकडले. "ताई, तुम्ही वळणाच्या आधीच वळताय. नाटक कशाला करताय?" त्या दिवशी कोणीही कोणासाठी वाट शोधली नाही. सगळे माझी परीक्षा पाहत राहिले. मी बाईंना येऊन हे सांगितले. मला वाटले, त्या रागावतील किंवा निदान आता तरी गुपित सांगतील.

"ठाऊक हाय तर पुढं चाल की," बाई म्हणाल्या. "कोण नगं म्हणतंय? मी म्हणून मागं हुते. तू कशाला मागं?"

तेव्हापासून मी पुढे चालते. शिबिर चालू आहे. काही मुलांना त्याचा उपयोग होतो, काहींना होत नाही. बाईंच्या वेळीही असेच असे, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण गौरवग्रंथात ते निसटून जाण्याची शक्यता आहे. ज्यांना उपयोग झाला नाही, त्यांच्या घरी बाई अजून पत्रे लिहितात. उत्तर न आले तरी लिहितात.

आता शेवटची गोष्ट. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले, त्या सोमवारी मी पर्स घेऊन दाराशी आले आणि पाय थांबले. मी तीस वर्षांची आहे. स्वतंत्र घर आहे, नोकरी आहे, दुसऱ्यांच्या मुलांना मी रानातून बाहेर आणते. मी आजारी असल्याचे कळवले. मंगळवारीही तेच. बुधवारी मी बाईंना फोन केला. सांगितले. वाटले, कार्ड येईल, किंवा त्या रिक्षातून येऊन हरवतील, आणि मला त्यांना शोधायला जावे लागेल. मी त्याची वाटच पाहत होते म्हणा ना.

"मग नगं जाऊस आज," बाई म्हणाल्या. "मला यायला जमायचं न्हाय. गुडघा सुजलाय. पर फोन ठेवू नगंस. बाजूला असू दे."

"काय बोलू?"

"बोलाय पायजे कशाला? मला पावटा सोलायचाय."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घातल्या. तिकडे त्या पावटा सोलत होत्या. मधूनच कान लावला की ताटात दाणे पडल्याचा आवाज येई. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बाईंनी मांजराला एक शिवी दिली. कोणीतरी दारावर आले, त्याला त्या म्हणाल्या, "हळू बोल, फोनवर माणूस हाय." असे दुपारपर्यंत चालले. या वेळी त्या कुठे चुकल्या नाहीत आणि त्यांनी काही मागितले नाही. ही पद्धत असेल, तर तिचे नाव मला माहीत नाही. गुरुवारी मी महाविद्यालयात गेले. पुन्हा असे होईल का, ते मला ठाऊक नाही. बाईंनाही नसावे. विचारले तर त्या तसेच सांगतील, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मी पुन्हा ठरवू शकणार नाही.

म्हणून या ग्रंथात इतर जण बाईंसाठी जे मागतील, तेच मी मागते, पण माझे मागणे निःस्वार्थ नाही. बाईंना उदंड आयुष्य मिळो. गुडघ्याची सूज उतरो, दृष्टी शाबूत राहो, मांजर त्यांचे दूध न सांडो. मी फोन करीन तेव्हा पलीकडे त्या असोत, आणि त्यांना सोलायला पुष्कळ पावटा असो.